सीतेची वेणी बांडगूळ नाही

उन्हाळा लागला की एक मेसेज फिरू लागतो: आंब्या-फणसावर लोंबणाऱ्या फुलांचं झुडूप म्हणजे परदेशी बांडगूळ, ते झाडाचा रस पितं, फांदी वाळवतं, उपटून टाका, नाहीतर घरी कुंडीत लावा. सोबत फोटो सीतेच्या वेणीचा, म्हणजे आमरीचा (ऑर्किडचा). हा मेसेज वाचून कुणी झाडावर चढू नये, म्हणून हे लिहितोय.

'रस पितं.' रस ओढणारं खरं बांडगूळ आंब्यावर नीट बघा. ते जिथं चिकटतं तिथं फांदीला गाठ येते, कारण ते साल फोडून लाकडात घुसलेलं असतं. आमरीची जाड, राखाडी मुळं सालीला वरूनच धरून असतात. उन्हात सुकलेल्या मुळावर बाटलीतलं थोडं पाणी ओता. बघता बघता ते हिरवं होतं! त्याचं स्पंजासारखं आवरण पाणी पिऊन पारदर्शक होतं आणि आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. पाऊस, दव आणि सालीच्या खाचेत कुजलेला पाचोळा यांवर ती जगते. अन्न स्वतः करते, पानांत आणि थोडंफार या मुळांतही. (बांडगुळालाही सरसकट शत्रू मानू नका, फुलटोच्या हा पक्षी त्याच्या फळांवर जगतो.)

'फांदी वाळवतं.' वठलेल्या फांदीवर ही फुललेली दिसते, म्हणून आळ तिच्यावर येतो. रसावर जगत असती, तर मेलेल्या फांदीवर फुलली असती का?

'परदेशी' तर साफ खोटं. सह्याद्रीत ती मे-जूनमध्ये फुलते. आसामात हेच कोपौ फूल, तिथलं राज्यफूल. एप्रिलमधल्या बिहूला मुली ते केसांत माळतात. पांढऱ्यावर जांभळट ठिपक्यांची फुलं इतकी दाट, की वेणी हेच नाव सुचावं.

'कुंडीत लावा' हे सगळ्यात घातक. मातीत तिची मुळं गुदमरून कुजतात. आणि जंगलातला तुटलेला झुबका सहज भरून निघत नाही: बी धुळीसारखं बारीक, त्यात अन्नसाठा नाही, योग्य बुरशी भेटली तरच रुजतं. पुढं फुलायला कित्येक वर्षं लागतात.

वाऱ्यानं पडलेला झुबका सापडला, तर तिथल्याच खरबरीत सालीच्या झाडाला काथ्यानं सैल बांधा, मुळं सालीला टेकतील असा. पाऊस तोंडावर असेल, तर तीच मुळं नवी पकड घेतात.