सण होता की शोकसभा?

आज २४ फेब्रुवारी, म्हणजे एस्टोनियाचा स्वातंत्र्यदिन. पहाटे उणे अकरा तापमानात तालिनच्या तोओम्पेआ टेकडीवर उभे राहून मी पिक्क हेर्मान मनोऱ्यावर निळा-काळा-पांढरा झेंडा चढताना पाहिला, आणि बोटे बधिर झालेली असतानाही हातमोजे काढून त्या दोन मिनिटांचे चित्रीकरण आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवले. दुपारी पाहतो तर पहिलेच उत्तर होते, "अरे, हा सण आहे की शोकसभा?" त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती, आणि शेवटी एकाने निकालच देऊन टाकला, "थंड देश, थंड माणसे, थंड सण." तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

गंमत म्हणजे, दर भाद्रपदात डीजेच्या भिंतींमुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे कसे हाल होतात, यावर मोठमोठ्या पोस्टी लिहिणारे हेच माझे मित्र आहेत. आवाज झाला तर तक्रार करायची, आणि जिथे आवाज नाही तिथे सणच नाही असे म्हणायचे, हा कुठला न्याय आहे?

परंतु खरा राग मला माझाच येतो आहे, आणि त्याचे कारण सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तीन वर्षांपूर्वी, इथल्या माझ्या पहिल्या नाताळात, आमच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी २४ डिसेंबरला दुपारी माझे दार वाजवले आणि "कोट घाल, चल" एवढेच सांगितले. मला वाटले की कुठेतरी जेवायला नेत असतील. ट्रामने आणि मग पायी त्या मला राहुमाए इथल्या दफनभूमीत घेऊन गेल्या. राहुमाए या शब्दाचा अर्थ शांतीची टेकडी. उंच झाडे, गुडघाभर बर्फ, आणि त्या बर्फात जिथवर नजर जाईल तिथवर मेणबत्त्या. आबालवृद्ध येत होते, आपापल्या माणसांच्या कबरीवरचे बर्फ हाताने बाजूला सारून मेणबत्ती लावत होते, थोडा वेळ थांबून परत जात होते. आजींनी आपल्या आईवडिलांच्या कबरीवर दोन मेणबत्त्या लावल्या आणि तिसरी माझ्या हातात देऊन, जिथे कुणाचेही पाऊल उमटलेले नव्हते अशा एका जुन्या, शेवाळलेल्या कबरीकडे बोट दाखवले. मी ती मेणबत्ती लावली, फोटो काढला आणि घरी येऊन तो याच ग्रुपवर टाकला. त्याखाली मी लिहिले होते, "मसणातला नाताळ." त्या दिवशीही हसणाऱ्या चेहऱ्यांची अशीच रांग लागली होती, आणि तेव्हा मला ती आवडली होती.

आता आजच्या दिवसाविषयी. १९१८ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा पहिल्यांदा वाचला गेला तो तालिनमध्ये नव्हे, तर २३ फेब्रुवारीला प्यार्नू शहरात, एका नाट्यगृहाच्या सज्जातून. दुसऱ्या दिवशी तालिनमध्ये प्रजासत्ताक जाहीर झाले आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी जर्मन सैन्य तालिनमध्ये शिरले. ज्या स्वातंत्र्याचा हा वर्धापनदिन आहे, ते घोषणेनंतर धड दोन दिवसही टिकले नव्हते. पुढे वर्षभराहून अधिक काळ लढून, १९२० मध्ये तार्तूच्या तहाने रशियाकडून मान्यता मिळवून त्यांनी ते खरे केले, आणि १९४० मध्ये सोव्हिएत संघाने ते पुन्हा गिळले. त्यानंतर हा झेंडा घरात सापडला तर तुरुंग होता. माळ्यावर, फरशीखाली, जिथे जमेल तिथे लोकांनी झेंडे लपवले. २४ फेब्रुवारी १९८९ रोजी तो पिक्क हेर्मानवर पुन्हा चढला, तेव्हा देश अजून कागदोपत्री सोव्हिएत संघातच होता. आज पहाटे ज्या शांततेला माझ्या मित्रांनी शोकसभा म्हटले, त्या शांततेत उभी असलेली निम्मी माणसे ती सकाळ पाहिलेली होती.

राष्ट्रगीताचीही अशीच कथा आहे. एस्टोनियाच्या आणि फिनलंडच्या राष्ट्रगीताची चाल एकच आहे. सोव्हिएत काळात इथे ते गीत बंद होते, पण समुद्रापलीकडून फिनलंडचे रेडिओ केंद्र ऐकू येत असे, आणि रात्री तिथला कार्यक्रम संपताना ती चाल वाजत असे. आजी सांगतात की त्यांची आई तेवढ्यासाठी जागी राहायची, आवाज अगदी बारीक करून ते ऐकायची आणि मगच दिवा मालवायची. असा सण साजरा करणाऱ्या माणसांना आता आवाज वाढवून दाखवा म्हणून सांगणारे आपण कोण?

आणि नाताळ! सोव्हिएत काळात २४ डिसेंबर हा कामाचा, शाळेचा साधा दिवस होता; नाताळबाबाची जागा नववर्षाच्या बाबाने घेतली होती. तरीही लोक संध्याकाळी दफनभूमीत जात. आजींची आई मेणबत्ती कोटाच्या आत लपवून न्यायची. फाटकाजवळ कधीकधी शाळेतले शिक्षक उभे असत, कोणकोणती मुले येतात ते पाहण्यासाठी. एका वर्षी दुसऱ्या दिवशी वर्गात आजींना उभे करून विचारण्यात आले, "काल संध्याकाळी कुठे होतीस?" आठ-नऊ वर्षांच्या त्या मुलीने उत्तर दिले, "आजीला भेटायला गेले होते." ते खोटे नव्हते, एवढे सांगून आजी अजूनही मिस्कील हसतात. मी ज्याला मसणातला नाताळ म्हटले होते, तो हा होता.

मान्य करतो की प्रत्येक एस्टोनियन माणूस असा गहिवरून सण पाळत नाही. पुष्कळांसाठी सुट्टी म्हणजे गावाकडचे घर, सौना आणि बिअर. नार्व्हासारख्या शहरातल्या अनेक रशियन भाषकांना आजचा दिवस आपला वाटत नाही, हेही खरे आहे. आणि हो, इथे सुट्टी रविवारी आली की ती बुडते, बदली सुट्टी मिळत नाही, याबद्दल मीसुद्धा दर वर्षी बोटे मोडतो. आजच्यासारख्या मोठ्या दिवसाच्या आदल्या दिवशी काम तीन तास लवकर संपते, तेवढेच समाधान.

परंतु "थंड माणसे" म्हणणाऱ्यांनी एकदा जूनमध्ये यावे. २३ जून हा विजयदिन. १९१९ साली व्यन्नूच्या लढाईत, म्हणजे आजच्या लाटव्हियातल्या त्सेसिस गावाजवळ, एस्टोनियन सैन्याने बाल्टिक जर्मनांच्या, म्हणजे या प्रदेशात राहणाऱ्या जर्मनांच्या, फौजेला हरवले, त्याची ही आठवण. राष्ट्राध्यक्ष विजयाची ज्योत पेटवतात, ती ज्योत प्रत्येक जिल्ह्यात नेली जाते, आणि त्याच रात्री यानिपाएव्ह, म्हणजे संत योहानाच्या दिवसाच्या, शेकोट्या गावोगावी पेटतात. एरवी सूर्यास्ताला उतरवायचा झेंडा त्या एका रात्री उतरवत नाहीत, कारण रात्र अशी ती होतच नाही. अकराच्या सुमारास सूर्य मावळल्यासारखे करतो आणि चारला पुन्हा हजर असतो. आठ-दहा माणसे एका वेळी उभी राहून झुलतील असे लाकडी झोपाळे, शेकोटीवरून उड्या, आणि नेच्याचे फूल शोधायच्या निमित्ताने रानात पसार होणारी जोडपी. नेच्याला फूल येत नाही, हे तिथे सर्वांना ठाऊक असते. सोव्हिएत काळात विजयदिन पुसला गेला, शेकोट्या मात्र पेटत राहिल्या. आमच्या रत्नागिरीतल्या शिमग्याची होम पेटल्यानंतरची रात्र ज्याने पाहिली आहे, त्याने या लोकांना थंड म्हणून दाखवावे.

थोडे जास्तच तापून लिहिले गेले, हे मला कळते आहे. हसणाऱ्यांत माझे बालमित्र आहेत, आणि माझा फोटो पाहून ते हसले होते तेव्हा हसवणारा मीच होतो.

ती तिसरी मेणबत्ती कुणासाठी होती, हे मला पुढे वर्षभराने समजले. मार्च १९४९ मध्ये चार दिवसांत या चिमुकल्या देशातून वीस हजारांहून अधिक माणसे गुरांच्या डब्यांतून सैबेरियाला पाठवली गेली, आणि त्यांत बहुतेक बायका, मुले व म्हातारी माणसे होती. त्या गाड्यांत आजींचे मामाही होते. ते तिकडेच वारले. त्यांना कुठे पुरले हे कुणालाच माहीत नाही. तेव्हापासून आजींची आई, आणि आईच्या मागे आजी, दर नाताळला एक मेणबत्ती जास्तीची नेतात आणि जिच्याकडे कुणी फिरकत नाही अशा कबरीवर मामांच्या नावाने लावतात. ती मेणबत्ती त्यांनी, इमारतीत नुकत्याच राहायला आलेल्या आणि एस्टोनियन भाषेत धड चार वाक्ये न येणाऱ्या माझ्या हातात दिली होती. का, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "माझे गुडघे आता वाकत नाहीत, तुझे वाकतात."

आज संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होतो. काळ्या पावाच्या चकतीवर लोणी, उकडलेले अंडे आणि त्यावर किलू नावाची खारवलेली, मसाल्यात मुरवलेली बोटभर मासळी, हे आजच्या दिवसाचे खाणे; मला त्यात आमच्याकडच्या पेडव्यांची आठवण येते, म्हणून मी चार तुकडे अधिक खातो. टीव्हीवर राष्ट्राध्यक्षांचा स्वागतसमारंभ चालू होता, ज्यात शेकडो पाहुणे एकेक करून हस्तांदोलन करत पुढे सरकतात आणि सगळा देश घरी बसून त्यांच्या कपड्यांना नावे ठेवतो. आजी या कामात फार कठोर आहेत. एका बाईंच्या हिरव्या झग्याचे वाभाडे काढून झाल्यावर त्यांनी अचानक मला विचारले, "सकाळचा झेंडा तू तुझ्या मित्रांना दाखवलास ना? काय म्हणाले ते?"

मी सांगितले की सर्वांनी त्यांना स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा कळवल्या आहेत. त्या खूश झाल्या, आणि उद्या सकाळी त्या शुभेच्छा वाचून दाखव म्हणाल्या. तेव्हा ग्रुपवरच्या मंडळींनी कृपा करून मला खोटे पाडू नये. "हेआद वाबारीगी आस्तापाएवा" असे लिहायचे, म्हणजे प्रजासत्ताकाच्या वर्धापनदिनाच्या शुभेच्छा. मराठीत लिहिले तरी चालेल, मी भाषांतर करून सांगेन. आणि तो मसणातल्या नाताळाचा फोटो कुणाच्या फोनमध्ये अजून असेल, तर त्याखालची ओळ पुसून मला परत पाठवा. आजींना तो हवा आहे.