सॉफ्टवेअर असताना नोटेशनची पुस्तकं कशाला?

पाश्चात्त्य संगीत कागदावर लिहिण्याच्या पद्धतीवरची, म्हणजे नोटेशनची, पुस्तकं मी सुचवली होती; त्यावरच्या प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप दोन. संगीत लिहायचं सॉफ्टवेअर सगळे नियम पाळतंच, मग जाडजूड संदर्भग्रंथांवर पैसे का घालवायचे? आणि घ्यायचंच तर एलेन गूल्ड यांचं ‘बिहाइंड बार्स’ (२०११) पुरे. टेड रॉस यांचं १९७० चं पुस्तक कालबाह्य आहे, ते मी उगाच सुचवलं, असं तुमचं म्हणणं.

पहिला आक्षेप मला मुळीच पटत नाही. कीबोर्डवरची काळी पट्टी दाबली की ती डी शार्प (डीपेक्षा अर्धा स्वर वर) की ई फ्लॅट (ईपेक्षा अर्धा स्वर खाली) म्हणून लिहायची, हे प्रोग्रॅम अंदाजाने ठरवतो. बारलाइन (तालाचे भाग, म्हणजे बार, वेगळे करणारी उभी रेघ) ओलांडली की आधीच्या बारमधला शार्प रद्द होतो, हा नियम त्याला ठाऊक आहे. पण पुढच्याच बारमध्ये तोच स्वर आला तर वाजवणारा गोंधळतो, म्हणून तिथे आठवणीचा नॅचरल (शार्प आता लागू नाही ही खूण) द्यायचा की नाही, हा निर्णय लिहिणाऱ्याचा. व्हायोलिनवादकाला पान उलटायला हात मोकळा कुठे मिळेल, हेही आपणच पाहायचं. गूल्ड यांचं पुस्तक उपयोगी पडतं ते अशा जागी. त्या वाजवणाऱ्याच्या बाजूने विचार करतात, आणि वाद्यवृंदाचे पार्ट (प्रत्येक वादकाची वेगळी पानं) तयार करण्याबद्दल इतकं नेटकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

एकच पुस्तक घ्यायचं तर गूल्डच, हे मान्य. पण रॉस कालबाह्य? छपाईसाठी धातूच्या प्लेटवर स्वरचिन्हांचे ठसे मारायची हत्यारं गेली, ती प्रकरणं सोडून द्या. बीमचा (स्वरांच्या दांड्या जोडणाऱ्या जाड पट्टीचा) उतार मात्र जुना होत नाही. बीमचं टोक स्टाफच्या (स्वर लिहायच्या पाच रेषांच्या) एखाद्या रेषेवर टेकलेलं, रेषेखाली लटकलेलं किंवा रेषा मधोमध घेऊन असावं. नाहीतर मध्ये पांढरी त्रिकोणी फट राहते आणि छपाईत शाईने बुजते. तसंच स्वरांमध्ये सोडायच्या जागेचं. मिनिम हा स्वर क्रॉचेटच्या दुप्पट लांब वाजतो, पण त्याला क्रॉचेटच्या दुप्पट जागा दिली तर ओळ विस्कटते, ढोबळमानाने दीडपट पुरते. हे कळलं की सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधले आकडे कशासाठी आहेत ते समजतं.

कर्ट स्टोन यांचं १९८० चं पुस्तक समकालीन संगीत लिहिणाऱ्यांनीच घ्यावं. बेल्जियममधल्या गेंट इथे १९७४ मध्ये झालेल्या नव्या नोटेशनवरच्या परिषदेतल्या चर्चेचं फलित त्यात आहे.

विकत घेण्याआधी पुस्तक ग्रंथालयात मिळालं, तर तुमच्याच स्कोअरमधली (लिहिलेल्या संगीतातली) एक अडचण सूचीत शोधा. समजा, एका स्टाफवर दोन आवाज (स्वतंत्र सुरावटी) आहेत आणि शेजारचे दोन स्वर एकमेकांवर येतायत. कोणता डावीकडे सरकवायचा, हे चित्रासकट सापडलं तर ते पुस्तक घ्या.