जस्ताची डच नाणी आणि ‘लाखो रुपयांचा’ संदेश

‘हिटलरने व्याप्त नेदरलँड्समध्ये चर्चच्या घंटा वितळवून ही नाणी पाडली, त्यांवर नाझी स्वस्तिक आहे, आज एकेका नाण्याला लाखो रुपये मिळतात, मात्र रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने विक्री होत असल्याने आधी नोंदणी शुल्क भरावे,’ असा मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. माझ्या मामांच्या संग्रहात अशी दोन नाणी आहेत आणि ते शुल्क भरायला निघाले होते, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

घंटांची कथा तर धडधडीत अशक्य आहे. जर्मनांनी डच चर्चमधल्या हजारो घंटा उतरवून नेल्या हे खरे, पण घंटा काशाची असते, कासे म्हणजे तांबे आणि कथील, आणि ही नाणी आहेत जस्ताची. काशाची वाटी कितीही वितळवली तरी तिच्यातून जस्त निघणार नाही. खरे कारण नेमके उलटे आहे. तांबे, निकेल आणि कथील युद्धसामग्रीसाठी हवे होते, म्हणून १९४१ पासून नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहराच्या टांकसाळीत कांस्य, निकेल-मिश्रधातू आणि चांदीच्या जुन्या नाण्यांऐवजी स्वस्त जस्ताची नाणी पाडली गेली. जस्त दमट हवेत काळवंडते आणि त्यावर पांढरी भुकटी धरते. मामांच्या एका नाण्याची कडा तशीच खरबरीत झाली आहे.

स्वस्तिकाबद्दल एवढेच, की भिंग घेऊन पाहावे, ते कुठेच दिसणार नाही. दहा सेंटवर ट्यूलिपची फुले आहेत, पंचवीस सेंटवर शिडाचे जहाज. नेदरलँड्सची तेव्हाची राणी विल्हेल्मिना हिचा मुखवटा मात्र या नाण्यांवर नाही आणि त्याच्या जागी ‘जर्मानिक’ (प्राचीन जर्मन टोळ्यांच्या) वळणाची लोकचिन्हे आली, हे मान्य करावेच लागेल. राणीच्या निर्वासित सरकारने त्याच काळात अमेरिकेतील टांकसाळींत तिच्या मुखवट्याची चांदीची नाणी पाडून घेतली, पण संदेश लिहिणाऱ्याला त्याचे काही सोयरसुतक नाही.

सर्वांत घातक भाग शुल्काचा. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर निवेदन काढून स्पष्ट केले आहे की, जुन्या नोटा व नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही, ती अशा व्यवहारांसाठी कोणतेही शुल्क वा कमिशन मागत नाही आणि तिच्या वतीने ते वसूल करण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. म्हणजे तिचे नाव सांगून पैसे मागणारा माणूस तिथेच उघडा पडतो, मग नाणे कोणतेही असो.

राहिला किमतीचा प्रश्न. १९४२ चे अडीच सेंटचे नाणे खरोखरच कमी सापडते आणि संग्राहक त्याला चांगली किंमत देतात. मामांकडची दोन्ही नाणी दहा सेंटची, १९४२ ची आहेत. ती कोट्यवधींच्या संख्येने पाडली गेली होती आणि झिजलेल्या स्थितीत अगदी किरकोळ किमतीला मिळतात.