काटा एकास एक, म्हणून काय?

परवा उदगीरहून भाच्याचा फोन. हौशी रेडिओसाठी, म्हणजे हॅम रेडिओसाठी, त्यानं गच्चीवर वायरचा अँटेना ताणलाय. "मामा, अँटेना रेझोनन्सला आला बरं का. काटा एकास एक!" रेझोनन्स म्हणजे वायरची लांबी फ्रिक्वेन्सीशी जुळणं. म्हणून वायर किती कापलीस विचारलं, तर म्हणे कापायचं कामच नाही, फॉरवर्डमध्ये दिलंय सगळं.

तो फॉरवर्ड मलाही आलाय. एसडब्ल्यूआर (पॉवर किती परत येते त्याचं माप, मीटरचा काटा दाखवतो ते) १:१ म्हणजे रेझोनन्स. काटा उतरेना तर रेडिओपासून अँटेनापर्यंतच्या केबलची लांबी बदला. वायरजवळ धरलेली ट्यूबलाइट पेटली की काम फत्ते. आणि अर्थिंग नसेल तर बोर्डातला न्यूट्रल घ्या!

शेवटचं आधी, त्यात जीव जातो. न्यूट्रल म्हणजे अर्थ नव्हे, घरातला करंट त्यातून परत जातो. वळवाच्या वाऱ्यात डीपीवर न्यूट्रल सुटला, की चालू बल्ब-पंख्यातून २३० व्होल्ट रेडिओच्या पत्र्यावर आणि केबलच्या बाहेरच्या जाळीतून गच्चीपर्यंत. वायरमननं प्लगात फेज-न्यूट्रल उलटे जोडले असतील तर तेवढंही थांबायला नको. भाच्याच्या अँटेनासारख्या डायपोलला (दोन सारखे तुकडे, मधोमध केबल) चालायला अर्थ लागतच नाही. विजेसाठी लागतो, त्याला कोळसा-मीठ घालून वेगळा खड्डा घ्यायचा. काळी माती भेगाळली की पाणीही ओतायचं. भाच्याला म्हटलं, आधी ती न्यूट्रलची वायर काढ, मग बोल.

आता एकास एक. अँटेनाऐवजी डमी लोड लावून बघा. ५० ओहमचा नुसता रेझिस्टर, कुठल्याही बँडवर काटा एकास एक, अन् सिग्नल गल्लीबाहेर जात नाही. भाच्याचा मीटर तर ट्यूनरच्या (रेडिओला ५० ओहम दिसावेत म्हणून मधे लावायचा डबा) अलीकडे, रेडिओच्या बाजूला होता. तो ट्यूनरचं कौतुक सांगत होता, अँटेनाचं नाही.

५० ओहमच्या केबलच्या लांबीनं काटा हलत असेल, तर करंट जाळीच्या बाहेरून वाहतोय किंवा केबलच पॉवर खातेय.

ट्यूबलाइट पेटते, मान्य. टोकाला व्होल्टेज जास्त असतं. पण बेसूर अँटेनाच्या टोकालाही पेटते, आणि बोट लागलं तर भाजतं.

एआरआरएल या अमेरिकन हॅम संघटनेच्या हँडबुकात वर्षानुवर्षं छापलेलं डायपोलच्या लांबीचं सूत्र आहे: ४६८ भागिले मेगाहर्ट्‌झ, उत्तर फुटांत. ७.१ ला ६६ फूट, म्हणजे सुमारे २०.१ मीटर. थोडी जास्तच वायर घ्यायची, ट्यूनर काढायचा, काटा कुठे सगळ्यांत खाली येतो ते शोधायचं. भाच्याची वायर २०.७ मीटर, काटा खाली ६.९ ला. २०.७ गुणिले ६.९ भागिले ७.१, म्हणजे हवी २०.१२ मीटर. दोन्ही टोकांना २९-२९ सेंटीमीटर जास्त. आधी दुमडून बघ, मग काप म्हटलं.

संध्याकाळी पुन्हा फोन. "मामा, ७.१ लाच सगळ्यांत खाली येतोय, पण काटा दीडास एक दाखवतोय. आधी तर एकास एक होता की!"