यहूदाला मोहरा म्हणू नका

येशूला शत्रूंच्या हाती धरून देणारा त्याचा शिष्य यहूदा आणि त्याचं अपराधीपण यावरचा लेख वाचला. 'यहूदाने धरून दिलं नसतं तर तारणच (माणसाची पापातून सुटका) झालं नसतं, म्हणजे तो देवाच्या योजनेतला मोहरा, मग त्याला दोष कसला?' हे लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. बायबलमध्ये मार्क १४:२१ मध्ये प्रभू येशू दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतो: शास्त्रात लिहिल्याप्रमाणे मी जाणारच आहे, पण जो धरून देतो त्याला धिक्कार असो. देवाला आधीच ठाऊक होतं म्हणून त्यानेच हात धरून करवून घेतलं, असं होत नाही. आमच्या घरात हे भोगून झालंय. नाशिकरोडचा आजोबांचा प्लॉट एका जवळच्या नातेवाइकाने परस्पर विकला आणि वर 'देवाचीच इच्छा होती' म्हणाला. वडिलांनी त्याला माफ केलं, अगदी मनापासून, पण हे वाक्य मात्र त्याला त्यांनी परत बोलू दिलं नाही.

दुसरं म्हणजे मत्तय २७ लेखात आलंच नाही. येशूला धरून देण्यासाठी याजकांकडून (मंदिराच्या पुरोहितांकडून) घेतलेली चांदीची तीस नाणी यहूदा परत घेऊन जातो, मी पाप केलं असं स्वतःच्या तोंडाने कबूल करतो, आणि याजक काय म्हणतात? आम्हाला काय त्याचं, तुझं तू बघ! शरणपूरच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला हा भाग वाचतात तेव्हा मला यहूदापेक्षा त्या याजकांचीच जास्त चीड येते. पेत्र या शिष्यानेही येशूला धरलं त्याच रात्री 'मी त्याला ओळखत नाही' म्हणून तीनदा नाकारलं होतं. तो रडला, पण शिष्यांना सोडून गेला नाही. अपराधीपणावर लिहिताना पेत्र वगळून कसं चालेल?