&& आणि || म्हणजे इफ-एल्स नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शेलमध्ये (लिनक्सवर कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) 'अ && ब || क' ही इफ-एल्सचीच, म्हणजे 'अ जमलं तर ब, नाहीतर क' याचीच आखूड आवृत्ती आहे, आणि चुकलं तर थांबायला स्क्रिप्टच्या, म्हणजे कमांडच्या फाईलीच्या, डोक्यावर सेट -ई ही ओळ लावली की झालं; त्यासाठी एवढं पाल्हाळ कशाला? मला यातलं काहीच पटत नाही, पाल्हाळ सोडून.

कमांड संपताना एक आकडा देऊन जाते. ० म्हणजे काम झालं, दुसरं काहीही म्हणजे नाही. आकडा ० असेल तर && पुढची कमांड चालवतं, नसेल तर ||. शेलमध्ये दोघांचा मान सारखाच, डावीकडून उजवीकडे. त्यामुळे 'अ' जमलं आणि 'ब' फसलं तरी 'क' चालतंच.

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये अशीच ओळ होती:

माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप && टार -सीझेडएफ /बॅकअप/हिशोब.टीजीझेड /हिशोब || इको "डिस्क लागलेली नाही"

म्हणजे: बॅकअपची डिस्क लागलीय का बघ, असेल तर टारने हिशोब एका फाईलीत बांध, नाहीतर इकोने तो निरोप छाप. हंगामात तिथे रात्री उशिरापर्यंत पावत्यांची एन्ट्री चालते. वाचता वाचता फाईल बदलली तर ग्नू टार १ देतं. खरा बिघाड असेल तर २. बॅकअपची फाईल तयार झालेली, पण || ला तेवढा १ पुरला. सकाळी सुपरवायझरने लॉगमध्ये 'डिस्क लागलेली नाही' वाचलं. त्याने केबल काढून लावली, मग पोर्ट बदललं, मग बाजारातून नवी केबल आणली. डिस्क जागची हललेलीच नव्हती.

इफ लिहिलं की डिस्कची तक्रार डिस्कपुरतीच राहते, आणि टारचा आकडा $? मधून (शेल शेवटच्या कमांडचा आकडा तिथे ठेवतं) उचलून १ आणि २ वेगळे करता येतात. उचलायचा तो लगेच. मधे एक इको आला तरी $? मध्ये त्याचा आकडा बसतो.

आता सेट -ई. && च्या साखळीत शेवटची सोडून दुसरी कुठलीही कमांड फसली तर ते चक्क कानाडोळा करतं. 'सीडी /जुने && आरएम -आरएफ *' (जुने फोल्डरमध्ये जा, मग तिथलं सगळं पुस) मध्ये सीडी फसली तर आरएम चालत नाही, हे ठीक; पण स्क्रिप्टही थांबत नाही. पुढच्या ओळी होत्या त्याच फोल्डरमध्ये चालत राहतात, आणि त्यांत आणखी एखादं आरएम असेल तर विचारायलाच नको. तिथे 'सीडी /जुने || एक्झिट १' लिहावं आणि आरएम खालच्या ओळीवर न्यावं. उलट लॉगमध्ये एरर शोधणाऱ्या ग्रेपला काही सापडलं नाही की ते १ देतं. म्हणजे बातमी चांगली, आणि नेमकी तिथेच सेट -ई स्क्रिप्ट बंद पाडतं!

टर्मिनलवर हाताने टाइप करताना && मीही दिवसभर वापरतो. 'मेक && मेक इन्स्टॉल'साठी (प्रोग्राम तयार कर, मग बसव) कोण इफ लिहीत बसेल?

राहता राहिलं तुमच्या अंबडच्या ऑफिसातलं विंडोज, जिथे && वर एरर येते म्हणता. ते विंडोजसोबत येणारं शेल, पॉवरशेल ५.१ असणार, त्यात && नाहीच; ते २०२० साली पॉवरशेल ७ मध्ये आलं. नवीन काही टाकायची परवानगी नसेल तर सीएमडी (विंडोजचं जुनं कमांड प्रॉम्प्ट) उघडा, तिथे दोन्ही चालतात.