समुद्रकिनारी जाताना आधी तिथल्या माणसांना विचारा

आज सकाळी आमच्या एका ग्रुपवर समुद्रकिनारी सुट्टीसाठीच्या सूचनांची एक यादी फिरत आली आणि ती वाचून तापलेले माझे डोके अजून शांत झालेले नाही. त्या यादीत सनस्क्रीन होते, मोबाइल भिजू नये म्हणून पिशवी होती, ड्रोन कोणत्या वेळी उडवावा हेही होते. आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून घातल्यासारखी, एक ओळ होती की स्थानिकांना भेटा, त्यांच्यासोबत फोटो छान येतात. ज्यांच्या दारात आपण पाहुणे म्हणून जातो, ती माणसे तिथे सूर्यास्त आणि शिंपल्यांच्या पंक्तीला बसवली होती. यात काय खटकते हे माझ्या मित्रमंडळींना समजावून सांगावे लागणार नाही, तरीही सुट्ट्या तोंडावर आल्या आहेत म्हणून लिहिते.

एका किनाऱ्यावरचा प्रसंग माझ्या मनातून जात नाही. किनाऱ्याचे नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिले की पुढच्या शनिवारी तिथे गाड्यांची रांग लागते. ऊन उतरत होते. वर ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत एक मावशी फाटलेले जाळे सांधत बसल्या होत्या. जाळ्याचा पदर पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणून धरलेला, हातात दोरा भरलेली चपटी सुई, आणि प्रत्येक गाठ मारून झाली की ती बोटाने ओढून पाहायची. मुलांना पाण्यात कुठे न्यावे, असे मी त्यांना विचारले. हात न थांबवता त्यांनी हनुवटीने समोर दाखवले. तिथे दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या आणि मधला पट्टा अगदी शांत, थोडा गडद दिसत होता. कोणीही मुलांना घेऊन तिथेच उतरले असते. त्या म्हणाल्या, "तिथे तेवढं नको, ताई. तिथे लाट फुटत नाही, कारण तिथूनच पाणी मागे जातं."

ज्याला रिप करंट म्हणतात तो हाच. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी वाळूच्या दांड्यातील खोलगट वाट शोधून समुद्राकडे परत धावते आणि त्या वाटेवर खोली जास्त असल्यामुळे लाटा फुटत नाहीत, म्हणून नवख्या डोळ्याला नेमकी तीच जागा सर्वांत सुरक्षित वाटते. त्या ओढीविरुद्ध सरळ किनाऱ्याकडे पोहू पाहणारा पट्टीचा पोहणाराही दमून जातो. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी, आणि पोहायचेच तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याच्या बाहेर पडावे, हे तज्ज्ञ सांगतात. पण मुळात तिथे उतरूच नये, हे त्या दिवशी सांगायला फक्त त्या मावशी होत्या; फलक नव्हता आणि जीवरक्षकही नव्हता.

आम्ही बोलत असतानाच एक गृहस्थ आले. मावशींकडे धड न पाहता त्यांनी मोबाइल पुढे केला, फोटो काढले, ते नीट आल्याची पडद्यावर खात्री केली आणि सरळ त्याच शांत पट्ट्याकडे निघाले. मावशींनी हाक मारली, पुन्हा मोठ्याने मारली. गृहस्थांनी मागे न वळता हाताने 'नको, नको' अशी खूण केली. त्यांना वाटले की मावशी फोटोचे पैसे मागत आहेत!

मावशींनी जवळच्या एका मुलाला पळत पाठवले आणि त्याने कमरेएवढ्या पाण्यातून त्यांना दंडाला धरून बाजूला काढले, म्हणून पुढचे काही घडले नाही. बाहेर आल्यावर ते गृहस्थ मोबाइल भिजला म्हणून चिडले होते. मावशींकडे ते गेलेच नाहीत. हे लिहितानाही मला राग येतो आहे, आणि तो त्या एका माणसापुरता नाही. किनाऱ्यावरचा माणूस आपल्याशी बोलू लागला तर तो काहीतरी विकायलाच आला असणार, असे आपण घरूनच ठरवून निघतो, याचा तो राग आहे.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांचे ज्ञान किती मोलाचे असते, याचे सर्वांत मोठे उदाहरण इंडोनेशियातील सिमेउलुए या बेटाचे आहे. १९०७ मध्ये तिथे त्सुनामी आली होती आणि त्या आठवणीतून 'स्मोंग' नावाची शिकवण अंगाईतून, गाण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या पुढे आली: जमीन जोरात हादरली आणि समुद्र मागे हटला की काहीही न उचलता डोंगराकडे पळायचे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा हे बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ होते. तिथली वस्ती सुमारे ७८ हजार होती आणि मृत्यू सात झाले. हे बेट ज्या आचे प्रांतात येते, त्याच्या इतर भागांत त्याच दिवशी लाखाहून अधिक माणसे गेली. ती शिकवण कोणत्याही प्रवासी पुस्तिकेत नव्हती, ती आज्यांच्या तोंडी होती. मला त्या मावशी आणि त्या आज्या एकाच घरातल्या वाटतात.

पर्यटनाने किनाऱ्यांवर पैसा येतो, मुलांची शिक्षणे होतात, हे मान्य आहे. त्यावर वाद नाही. पण त्याच पर्यटनाने माणसे स्वतःच्याच गावात परकी होत असतील तर त्याबद्दल बोलायचे नाही का? २०२४ च्या एप्रिल महिन्यात स्पेनच्या कॅनरी बेटांवर हजारो लोक रस्त्यावर उतरले, कारण पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांमुळे त्यांना स्वतःला राहायला घर परवडेनासे झाले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये बार्सिलोनात निदर्शकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या, तेव्हा आपल्याकडेही अनेकांनी 'किती उद्धट लोक' अशी शेरेबाजी केली. पिचकारी मारणे मला आवडले नाही, पण ती वेळ त्यांच्यावर कशी आली, हे शेरे मारणाऱ्यांपैकी कोणी विचारल्याचे मला दिसले नाही.

थायलंडमधील माया बेचे उदाहरण तर मी प्रत्येकाला सांगते. एका चित्रपटामुळे ती लहानशी खाडी जगप्रसिद्ध झाली आणि दिवसाला हजारो माणसे तिथे उतरू लागली. होड्यांच्या नांगरांनी आणि माणसांच्या पायांनी प्रवाळांची इतकी हानी झाली, की २०१८ च्या जूनमध्ये ती चार महिन्यांसाठी बंद करावी लागली आणि प्रत्यक्षात उघडली ती २०२२ च्या जानेवारीत. मधल्या काळात काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क मासे तिथे परत आले. फिलिपिन्समधील बोराकाय बेटही २०१८ मध्ये सहा महिने बंद ठेवले होते, कारण सांडपाणी थेट समुद्रात जात होते. बेट बंद होते तेव्हा आपण दुसऱ्या बेटाचे तिकीट काढतो. तिथल्या खाणावळीत भांडी घासणारी बाई कुठे जात असेल?

या सगळ्यात मला मनापासून आवडलेली गोष्ट पालाऊ या छोट्या द्वीपराष्ट्राची आहे. २०१७ च्या डिसेंबरपासून तिथे येणाऱ्या पाहुण्याच्या पासपोर्टवर एक प्रतिज्ञा उमटवली जाते आणि तिच्याखाली सही केल्याशिवाय देशात प्रवेश मिळत नाही. ही प्रतिज्ञा पालाऊच्या मुलांना उद्देशून आहे आणि ती तयार करण्यात तिथल्या मुलांचाही वाटा होता. हलक्या पावलांनी चालेन, जपून वागेन, असे त्या मुलांना वचन द्यायचे. किती साधी, किती नीटस कल्पना आहे ही! सहीने माणसे बदलत नाहीत असे कोणी म्हणेल आणि ते थोडेफार खरेही असेल, पण दारातच यजमानाचे तोंड दिसते, याला माझ्या दृष्टीने मोल आहे.

आता सुट्टीला निघणाऱ्यांसाठी. पोहोचल्या पोहोचल्या पाण्यात शिरू नका. आधी जिथे होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात तिकडे चालत जा आणि तिथे बसलेल्या माणसाला विचारा की आज भरती किती वाजता आहे, पाणी कुठपर्यंत येते आणि कुठे उतरू नये. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल ज्या खडकावर या वेळी निवांत बसलात तिथून परतण्याची वाट आज याच वेळी पाण्याखाली असू शकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते, तेव्हा तर अधिकच सांभाळा. जीवरक्षक असतील तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहा आणि लाल झेंडा असेल तर पोहूच नका.

माणसांना भेटायचे तर त्यांची वेळ पाहा. होड्या किनाऱ्याला लागतात तेव्हा प्रत्येक हात कामात असतो आणि मध्ये उभा राहिलेला पाहुणा म्हणजे निव्वळ अडचण. जाळी सांधण्याची, दोर सोडवण्याची वेळ बोलण्याची असते, कारण हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात. मावशींशी माझे बोलणे झाले ते अशाच वेळी. फोटो हवा असेल तर आधी गप्पा मारा, मग विचारा, आणि नकार मिळाला तर लांबून झूम करून काढू नका. दाराशी, विहिरीशी, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांशी कॅमेरा नेऊ नका. आपल्या घरासमोर कोणी असे केले तर आपण सोसायटीत तक्रार करतो. सगळेच स्थानिक देवमाणसे असतात असे मी म्हणत नाही. फसवणारे तिथेही भेटतात, जसे सगळीकडे भेटतात.

आणि होडीने जाणार असाल तर लाइफ जॅकेट मागून घ्या, नीट बांधा, मुलांच्या मापाचे आहे का ते पाहा. आभाळ निरभ्र दिसत असताना होडीवाला आज होडी काढणार नाही म्हणाला, तर दुप्पट पैशांची भाषा करू नका. त्याचे पोट त्या फेरीवर आहे. तरीही तो नाही म्हणतो, याचा अर्थ त्याला पाण्यात असे काही दिसले आहे जे तुम्हाला दिसत नाही. त्याला कारण विचारा, तो सांगेल. त्याच्याकडून उठून पलीकडच्या होडीवाल्याकडे जाऊ नका.